परकीय चलनाचा दर आणि यात्रेकरूची शिदोरी

बारामती व इंदापूर तालुक्यांतून रोम, फातिमा, लूर्ड्स किंवा पवित्र भूमीच्या यात्रेस जे भाविक निघतात, त्यांतील अनेकांनी त्यासाठी वर्षानुवर्षे पैसा साठविलेला असतो. कुणाचे उसाचे बिल, कुणाचा डाळिंबाचा एखादा चांगला हंगाम, तर कुणाचा निवृत्तीनंतर हाती आलेला भविष्यनिर्वाह निधी. विमानाचे तिकीट व मुक्काम यांविषयी महिनोन्महिने चौकशी होते. मात्र रुपये देऊन युरो घेण्याचा व्यवहार विमानतळावर दहा मिनिटांत उरकला जातो. या बाबतीत आमच्याकडे वारंवार विचारणा होत असल्यामुळे हा लेखनप्रपंच.

नाण्याला नाणे देताना मधला बट्टा कोणाच्या खिशात जातो, हा प्रश्न आपल्या परिसराला नवा नाही. बारामती हे पेशवाईतील नाईक सावकारांचे गाव. त्या काळी अंकुशी, चांदवडी, मल्हारशाही असे निरनिराळ्या टांकसाळींचे रुपये बाजारात फिरत आणि एकाचे दुसरे करून घेताना बट्टा द्यावा लागे. पुढे इंग्रजी अमलातही इंदापूरहून भीमा ओलांडून, करमाळा मागे टाकून परांड्यास पोहोचलेल्या माणसाच्या हाती कलदार रुपयाऐवजी निजामाचा हाली सिक्का येई. ७ हाली म्हणजे सुमारे ६ कलदार, हे ज्याला ठाऊक नसे तो फसे. येरुशलेमच्या मंदिरातही हेच होते. मंदिराचा कर सोरच्या चांदीच्या नाण्यातच भरावा लागे, त्यामुळे दूरदेशीच्या यात्रेकरूला सराफाच्या चौरंगाशी जाण्यावाचून गत्यंतर नसे. ते चौरंग प्रभूने का पालथे केले, हे वाचकांना आम्ही सांगण्याची आवश्यकता नाही.

आता मुख्य मुद्दा. प्रत्येक चलनाचे दोन दर असतात : विकणारा आपल्याला ज्या दराने देतो तो आणि परत घेताना मोजतो तो. खरा बाजारभाव या दोहोंच्या मध्ये असतो. आपल्या देशात डॉलर, युरो, पौंड व येन यांचा संदर्भ दर कामकाजाच्या प्रत्येक दिवशी जाहीर होतो. २०१८ पासून हे काम एफबीआयएल ही संस्था करते. त्या दिवशीचा हा आकडा कागदावर लिहून घ्यावा आणि मगच दुकानदाराशी बोलावे.

हिशेबाच्या सोयीसाठी समजा, युरोचा संदर्भ दर १०० रुपये आहे. एकाने १०१.५० रुपयांना युरो दिला, दुसऱ्याने १०४ ला, तर १,००० युरोंमागे अडीच हजार रुपयांचा फरक पडतो. गंमत अशी की दुसऱ्याच्या खिडकीवरच बहुधा ‘कमिशन नाही’ अशी ठळक पाटी असते. कमिशन नाही हे खरेच. ते दरातच मुरलेले असते. यावरील वस्तू व सेवा कराची भीती मात्र विनाकारण बाळगली जाते. १ लाख रुपयांच्या व्यवहारावर तो अवघा १८० रुपये होतो, कमीत कमी ४५. म्हणून ‘दर काय?’ असे न विचारता, ‘सर्व धरून १,००० युरोंना एकूण किती रुपये द्यावे लागतील?’ असेच विचारावे, आणि हाच प्रश्न एकाच सकाळी तीन ठिकाणी दूरध्वनीवरून विचारावा.

बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत पियाजो व फेरेरो या इटालियन कंपन्यांचे कारखाने आहेत. तरीही तालुक्याच्या गावी बँकेच्या प्रत्येक शाखेत युरोच्या नोटा मिळतील असे नाही. शाखेत आठवडाभर आधी सांगून ठेवावे किंवा पुण्यातील रिझर्व्ह बँकेच्या परवानाधारक विनिमयदाराकडे जावे. प्रवासाच्या ६० दिवस आधीपासून चलन घेता येते. पारपत्र, पॅन कार्ड व तिकीट सोबत लागते. ५० हजार रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने देता येत नाही, धनादेश वा खात्यातूनच द्यावी लागते. बहुतेक देशांसाठी नोटांच्या रूपात ३,००० डॉलरइतकेच चलन नेता येते, उर्वरित कार्डावर. पावती जपून ठेवावी.

आम्ही स्वतः हे शहाणपण उशिरा शिकलो. एका यात्रेच्या वेळी ‘मुंबईला विमानतळावर घेऊ’ म्हणून निघालो आणि मध्यरात्री झोपेने जड झालेल्या डोळ्यांनी जो दर सांगितला तो मान्य केला. नंतर हिशेब केला तेव्हा दोन दिवसांच्या जेवणाचे पैसे त्या खिडकीतच राहिल्याचे ध्यानी आले.

कार्ड नेणाऱ्यांनी निघण्यापूर्वी त्यावरील परदेशातील वापर सुरू करून घ्यावा. २०२० पासून नवी कार्डे केवळ देशांतर्गत वापरासाठीच खुली असतात. अनेक बँका परदेशातील खर्चावर साडेतीन टक्क्यांपर्यंत अधिभार लावतात. तो आधी विचारावा. खरा सापळा मात्र तिकडच्या यंत्रात असतो. रोमच्या दुकानात किंवा एटीएमवर ‘रक्कम रुपयांत घ्यावी की युरोत?’ असा प्रश्न पडद्यावर येतो. रुपये पाहून आपल्याला हायसे वाटते आणि आपण तेच बटण दाबतो. तसे केल्यास दर आपली बँक नव्हे, ते यंत्र ठरविते, आणि तो बहुधा महागच असतो. नेहमी त्या देशाचेच चलन निवडावे.

नाशिकच्या बाळ येशूचे भाविक मूळ मूर्तीच्या दर्शनासाठी प्रागला जाण्याची इच्छा बाळगतात. तेथे युरो नव्हे, कोरुना चालतो, आणि प्रागच्या विनिमय दुकानांची ख्याती एके काळी इतकी वाईट होती की सरकारला कायदा बदलावा लागला. एप्रिल २०१९ पासून १,००० युरोंपर्यंतचा व्यवहार ग्राहकाला ३ तासांच्या आत रद्द करता येतो. असा कायदा असलेला देश विरळाच.

पवित्र भूमीत येरुशलेम असो वा बेथलेहेम, शेकेल चालतो. बेथलेहेमचे दुकानदार डॉलरही घेतात, पण हिशेब त्यांच्या दराने होतो. जॉर्डनच्या दिनाराचे सोपे आहे : १९९५ पासून १ डॉलर म्हणजे ०.७०९ दिनार असे ठरलेले आहे, तेव्हा कमी देणारा लगेच ओळखता येतो. इजिप्तमध्ये मार्च २०२४ पूर्वी बँकेत डॉलरला ३१ पौंडांच्या आसपास मिळत, तर काळ्या बाजारात त्याच्या दुपटीने. पौंड मोकळा सोडल्यावर बँकेचा दर ५० च्या घरात गेला आणि ती तफावत ओसरली. गल्लीत ‘जास्त देतो’ म्हणणाऱ्याच्या मागे जाण्यात आता केवळ जोखीम उरली आहे. रस्त्यावर नोटा मोजून घेणे कायद्याविरुद्ध तर आहेच, शिवाय गड्डीत काय दडले आहे ते खोलीवर पोहोचल्यावरच कळते.

परत आल्यावर उरलेले चलन १८० दिवसांच्या आत विनिमयदाराकडे जमा करावे; २,००० डॉलरपर्यंतच्या नोटा पुढील प्रवासासाठी जवळ ठेवता येतात. नाणी कितीही ठेवण्यास मुभा आहे, पण ती येथे सहसा कोणी परत घेत नाही. ती निघण्याच्या आदल्या दिवशी शेवटच्या मंदिरातील दानपेटीत टाकावीत, नाहीतर विमानतळावर एक कप कॉफी घ्यावी.