शेवटच्या थांब्याचा माल आधी!

फराळाच्या ताटातल्या शेवेची चर्चा घरोघर होते. पण ते बेसन, ती साखर, तो तेलाचा डबा गावच्या दुकानापर्यंत आला कसा, याची विचारपूस सहसा कोणी करीत नाही. मोठ्या शहरात राहणाऱ्या आपल्याला हा प्रश्नच पडत नाही. वाशीम जिल्ह्यात, कारंजा तालुक्यातल्या कामरगावसारख्या गावी मात्र दुकानदाराला तो पडतो. एकट्याला पुरा ट्रक भरेल इतका माल लागत नाही, आणि दहा पोत्यांसाठी स्वतंत्र ट्रक सांगावा तर नफा भाड्यातच बुडायचा!

यावर तोड म्हणजे भागीदारीचा ट्रक. समजा, तो अकोल्याहून निघायचा आहे. डाळ गिरणीतून घ्यायची, साखर-तेल घाऊक पेठेतून, साबण तिसऱ्याच गुदामातून. मग माल उतरवायचा मूर्तिजापूर, कारंजा आणि शेवटी कामरगावला. आता गंमत पाहा. जो माल शेवटी उतरायचा, तो सर्वांत आधी भरायचा, अगदी केबिनला टेकून. पहिल्या थांब्याचा माल मागे फाळक्याजवळ. म्हणून कामरगावचा माल ज्या गुदामात असेल, तिथेच ट्रकला आधी जावे लागते!

शिवाय जड पोती खाली, खोकी वर. चहापत्तीशेजारी साबण नको, नाहीतर वास लागायचा. हे गणित मुरलेला हमाल पाटी-पेन्सिलीवाचून सोडवतो. ते चुकले तर वाटेत अर्धा ट्रक रिकामा करून पुन्हा भरावा लागतो, आणि हमाली दुप्पट होते. अशा घाम गाळणाऱ्यांसाठी महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी-हमाल कायदा केला, हे इथे आठवावे.

पूर्वी या भागात ‘शकुंतला’ ही अरुंद रुळांची गाडी मूर्तिजापूरहून कारंज्यावरून यवतमाळला जाई. तिच्यातल्या कापसाच्या गाठी मुंबईकडे जायच्या तर मूर्तिजापूरला उतरवून रुंद रुळांच्या गाडीत चढवाव्या लागत. ट्रकाने तो खटाटोप वाचवला. कागदांचेही तसेच. २०१८ पासून ई-वे बिल आले. एकाच गाडीत अनेकांचा माल असेल तर त्यांची बिले एकत्र करता येतात.

राहिला प्रश्न वेळेचा. पहिल्या थांब्यावर हमाल जागेवर नाही, दुसऱ्यावर वाराई कोणी द्यायची यावरून हुज्जत. असा अर्धा-अर्धा तास साचत जातो आणि सगळा शेवटच्याच्या माथी बसतो. पंक्तीत शेवटच्या पानावर बसलेल्याची जी गत, तीच! कामरगावला ट्रक रात्री पोचला, तर उतरवायला माणूस मिळत नाही, आणि परतीचे सोयाबीनही चुकते. मग रिकाम्या फेरीचे भाडे शेवटी गिऱ्हाइकाच्याच हिशेबात चढते.

म्हणून जाणते दुकानदार ट्रक निघाल्याचा फोन येताच हमालांना निरोप धाडतात. पहिल्याने दाखवलेली ही तत्परता शेवटच्याची दिवाळी वेळेवर साजरी करते.