डेटाबेस जन्मला कारखान्यात

डेटाबेसचा इतिहास सांगायला बसलं की सुरुवात बहुधा एडगर कॉड यांच्या १९७० सालच्या निबंधापासून होते. माहिती तक्त्यांत मांडणारं रिलेशनल मॉडेल तिथून पुढे आलं, त्यामुळे त्यात वावगं काही नाही. पण त्याआधीचं दशक वगळलं, तर ही विद्या फक्त संशोधनकक्षात तयार झाली असा समज होतो. तिची पायाभरणी कारखान्यातल्या रोजच्या अडचणींतून झाली, आणि ती करणाऱ्यांत चार्ल्स बॅकमन यांचं नाव सर्वांत आधी घ्यावं लागतं.

बॅकमन यांचा जन्म १९२४चा, अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातला. दुसऱ्या महायुद्धात ते पॅसिफिक आघाडीवर विमानवेधी तोफखान्यात होते. पुढे मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकून १९५०मध्ये ते डाउ केमिकलमध्ये लागले आणि १९६०मध्ये जनरल इलेक्ट्रिकमध्ये गेले. तिथे उत्पादनाचं नियोजन संगणकावर आणण्याचं काम त्यांच्याकडे आलं.

अडचण समजून घेण्यासारखी आहे. तेव्हा प्रत्येक प्रोग्रॅमची स्वतःची फाइल असे. ऑर्डरची वेगळी, स्टॉकची वेगळी, सुट्या भागांची वेगळी. एकच माहिती चार ठिकाणी नोंदलेली असे, आणि एका ठिकाणी दुरुस्ती झाली की बाकीच्या तीन ठिकाणी ती चुकीची राही. फाइलची रचना बदलली, तर तिच्यावर चालणारे सगळे प्रोग्रॅम पुन्हा लिहावे लागत.

बॅकमन यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला ‘इंटिग्रेटेड डेटा स्टोअर’ अर्थात आयडीएस ही प्रणाली उभी केली. पहिली डेटाबेस मॅनेजमेंट सिस्टीम म्हणून तिचा मान आहे. तिची युक्ती अशी, की डिस्कवरच्या प्रत्येक रेकॉर्डमध्ये पुढच्या संबंधित रेकॉर्डचा पत्ताही ठेवायचा. समजा, एका ऑर्डरमध्ये दहा ओळी आहेत. त्या ओळी ऑर्डरच्या साखळीत गुंफलेल्या असतात, आणि त्यातली प्रत्येक ओळ संबंधित सुट्या भागाच्या साखळीतही असते. त्यामुळे ऑर्डरवरून भागाकडे जाता येतं आणि त्याच भागावरून, तो ज्या ज्या ऑर्डरमध्ये लागणार आहे त्या सगळ्यांकडे. मेमरी अतिशय तुटपुंजी होती, त्या काळातली ही करामत आहे. ही नाती चौकटी आणि बाणांनी दाखवायची त्यांची पद्धतही रूढ झाली; ती ‘बॅकमन डायग्रॅम’ म्हणून ओळखली जाते.

१९७३मध्ये त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. पीएच.डी. नसलेले ते पहिले मानकरी. पुरस्काराच्या निमित्ताने दिलेल्या व्याख्यानात त्यांनी कोपर्निकसचा दाखला दिला: आजवर संगणक मध्यभागी आणि माहिती त्याच्याभोवती फिरती मानली गेली, आता माहिती मध्यभागी ठेवायची आणि प्रोग्रॅमरने तिच्यात वाट काढत फिरायचं. याच वाट काढण्याला कॉड यांच्या विचाराचा विरोध होता. काय हवं ते सांगा, तिथपर्यंतचा रस्ता यंत्राने शोधावा, असं त्यांचं म्हणणं. १९७४मध्ये मिशिगनमधल्या ॲन आर्बर इथे दोघांची जाहीर चर्चा झाली. पुढच्या दशकात एसक्यूएल या रिलेशनल डेटाबेसच्या प्रश्नभाषेच्या जोरावर कॉड यांचा पक्ष बाजारात सरस ठरला.

तरी बॅकमन यांचं काम वाया गेलं असं कुणी समजू नये. वाट काढण्याचं काम नाहीसं झालं नाही, ते डेटाबेसमधल्या, रस्ता आपोआप ठरवणाऱ्या ‘ऑप्टिमायझर’कडे गेलं. माहिती एकाच ठिकाणी सांभाळावी, ती अनेक प्रोग्रॅमनी वाटून वापरावी, ही त्यांची भूमिका तर दोन्ही पक्षांनी गृहीत धरली. आयडीएसच्याच वळणावर बेतलेली आयडीएमएस ही प्रणाली पुढे दशकानुदशकं मेनफ्रेमवर चालली. बॅकमन यांनी नंतर नेटवर्किंगच्या सात थरांच्या ओएसआय मॉडेलसाठी काम करणाऱ्या समितीचं अध्यक्षपद भूषवलं, १९८३मध्ये स्वतःची कंपनी काढली आणि २०१७मध्ये त्यांचं निधन झालं.

आपल्याकडे संगणकशास्त्राचे विद्यार्थी आयडीएससारख्या साखळ्यांचं हे ‘नेटवर्क मॉडेल’ बहुतेक परीक्षेपुरतंच वाचतात. शिकवताना आधी ती ऑर्डर, ते सुटे भाग आणि चार ठिकाणी वेगवेगळी निघणारी माहिती समोर ठेवावी, असं मला मनापासून वाटतं. उत्तरं काळानुसार बदलतात; कॉड यांनी दाखवलं तसं, अधिक चांगलं उत्तर सापडतं. पण नेमका प्रश्न हेरणारा इंजिनिअर आधी असावा लागतो, आणि तसे इंजिनिअर घडवायचे असतील तर बॅकमन यांचा अभ्यासक्रमातला वाटा वाढवायलाच हवा.