ली ना यांची टेनिस कारकीर्द : शासकीय क्रीडाव्यवस्था आणि खेळाडूची स्वायत्तता

प्रास्ताविक :
खेळाडूचे यश व्यक्तीचे की व्यवस्थेचे, हा क्रीडाक्षेत्राच्या अभ्यासातील एक मूलभूत प्रश्न आहे. चीनच्या माजी व्यावसायिक टेनिसपटू ली ना यांच्या कारकिर्दीच्या आधारे प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार केला आहे.

शासकीय व्यवस्थेतील जडणघडण :
ली ना यांचा जन्म २६ फेब्रुवारी १९८२ रोजी हुबेई प्रांतातील वुहान येथे झाला. वडील बॅडमिंटनपटू असल्याने त्यांनीही प्रथम बॅडमिंटनचेच शिक्षण घेतले व बालवयातच त्या टेनिसकडे वळल्या. त्या चौदा वर्षांच्या असताना वडिलांचे निधन झाले. १९९९ मध्ये त्यांनी व्यावसायिक टेनिसमध्ये प्रवेश केला. प्रशिक्षक, स्पर्धा व प्रवास यांविषयीचे निर्णय त्या काळी शासकीय यंत्रणा घेत असे. २००२ मध्ये राष्ट्रीय संघ सोडून त्या विद्यापीठात पत्रकारितेच्या अभ्यासाकडे वळल्या. २००४ मध्ये त्या पुन्हा खेळू लागल्या आणि त्याच वर्षी ग्वांगझू येथे डब्ल्यूटीए एकेरीचे विजेतेपद मिळविणाऱ्या पहिल्या चिनी महिला ठरल्या.

स्वायत्ततेचा टप्पा :
२००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये त्यांना चौथे स्थान मिळाले. त्यानंतर त्यांच्यासह चार महिला खेळाडूंना शासकीय चौकटीबाहेर राहून खेळण्याची मुभा देण्यात आली. पूर्वी बक्षीस रकमेतील सुमारे ६५ टक्के वाटा यंत्रणेकडे जात असे. तो आता ८ ते १२ टक्क्यांवर आला. मात्र प्रशिक्षक व प्रवास यांचा खर्च खेळाडूंवर पडला. स्वातंत्र्याबरोबर आर्थिक जोखीमही आली.

या बदलानंतरच ली ना यांचे सर्वोच्च यश दिसून येते. २०११ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनचे उपविजेतेपद मिळविल्यानंतर फ्रेंच ओपनच्या अंतिम सामन्यात त्यांनी फ्रान्चेस्का स्कियावोनी यांचा ६-४, ७-६ असा पराभव केला. आशियाई देशाच्या खेळाडूने ग्रँड स्लॅम एकेरीचे विजेतेपद मिळविण्याचा तो पहिलाच प्रसंग होता. २०१४ मध्ये त्यांनी ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली व जागतिक क्रमवारीत दुसरे स्थान गाठले. गुडघ्याच्या वारंवारच्या दुखापतींमुळे सप्टेंबर २०१४ मध्ये त्यांनी निवृत्ती स्वीकारली. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय टेनिस हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला.

निष्कर्ष :
या यशाचे श्रेय केवळ स्वायत्ततेला देणे एकांगी ठरेल; खेळाचा पाया शासकीय प्रशिक्षणातच घातला गेला होता. परंतु त्या पायावर काय उभारावयाचे, हे ठरविण्याचा अधिकार मिळाल्यावरच कळस चढला, हेही तितकेच खरे. तथापि ही मुभा आधीच नावारूपास आलेल्या खेळाडूंनाच मिळाली होती. स्वतःचा खर्च पेलू न शकणाऱ्या नवोदित खेळाडूला आधार आणि स्वातंत्र्य ही दोन्ही एकाच वेळी कशी द्यावीत, हा प्रश्न त्यामुळे शिल्लक राहतो. कोणत्याही देशाच्या क्रीडाधोरणाला तो टाळता येणार नाही.