विश्लेषण : घरच्या वाय-फाय राउटरची ‘चावी’ कुणाकडे? ‘ॲडमिन’ पासवर्ड बदलणे का गरजेचे?

फायबर जोडणी देताना कंपनीचा माणूस भिंतीवर राउटर टांगतो, वाय-फायचे नाव आणि पासवर्ड सांगतो आणि निघून जातो. पुढे तोच पासवर्ड पाहुण्यांना, शेजाऱ्यांना, मुलांच्या मित्रांना दिला जातो. मात्र त्याच डब्याला आणखी एक पासवर्ड असतो, हे अनेक घरांत ठाऊकच नसते. राउटरच्या सेटिंग्ज उघडणारा हा ‘ॲडमिन’ पासवर्ड नेमका काय असतो आणि तो तसाच ठेवल्यास काय होऊ शकते, याविषयी...

दोन पासवर्डमध्ये फरक काय?

वाय-फायच्या पासवर्डने मोबाइल नेटला जोडला जातो, तर ॲडमिन पासवर्डने त्या नेटचे नियम बदलता येतात. राउटरला जोडलेल्या मोबाइलच्या ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ हा पत्ता टाइप केल्यास अनेक राउटरचे लॉग-इन पान उघडते. जिओच्या राउटरसाठी हा पत्ता सहसा १९२.१६८.२९.१ असा असतो. नेमका पत्ता, युजरनेम आणि पासवर्ड बहुतेक वेळा डब्याच्या तळाशी चिकटवलेल्या स्टिकरवर छापलेला असतो. जुन्या मॉडेलमध्ये तर युजरनेम आणि पासवर्ड दोन्ही ‘ॲडमिन’च असत.

धोका कितपत खरा?

२०१६ मध्ये ‘मिराई’ या मालवेअरने कारखान्यातून आलेल्या सुमारे ६० युजरनेम-पासवर्डच्या जोड्या वापरून जगभरातील लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. त्याच्या साहाय्याने ऑक्टोबर २०१६ मध्ये ‘डिन’ या कंपनीवर हल्ला झाला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा अनेकांसाठी काही तास विस्कळीत झाल्या. भारतात जुलै २०१७ मध्ये बीएसएनएलच्या ब्रॉडबँड मोडेमना मालवेअरचा फटका बसला, तेव्हा कंपनीने ग्राहकांना मूळ पासवर्ड बदलण्याचे आवाहन केले होते.

ॲडमिन पासवर्ड मिळवणारा राउटरचे ‘डीएनएस’ बदलू शकतो. डीएनएस म्हणजे संकेतस्थळाचे नाव सांगितल्यावर त्याचा पत्ता देणारी डिरेक्टरी. तीच बदलली, तर बँकेचे नाव बरोबर टाइप करूनही बनावट पान उघडू शकते. अशा वेळी ब्राउझर ‘जोडणी सुरक्षित नाही’ असा इशारा देत असल्यास तो डावलू नये.

दुसरा धोका पोलीस तपासाचा. जुलै २००८ मधील अहमदाबाद बॉम्बस्फोटांपूर्वी पाठवलेल्या ई-मेलचा माग काढत तपास पथक नवी मुंबईतील एका घरापर्यंत पोहोचले होते. तिथले असुरक्षित वाय-फाय वापरून तो मेल दुसऱ्यानेच पाठवल्याचे पुढे आले. नेटचा माग आधी लागतो तो जोडणी ज्याच्या नावावर आहे त्याच्यापर्यंत.

कंपनी पूर्ण ताबा का देत नाही?

अनेक राउटरमध्ये दोन खाती असतात : ग्राहकाचे मर्यादित आणि कंपनीचे ‘सुपर ॲडमिन’. यामागे तांत्रिक कारण आहे. फायबरची एक तार स्प्लिटरमधून ३२ किंवा ६४ घरांत वाटली जाते. प्रत्येक डब्याला माहिती पाठवण्यासाठी ठरावीक क्षण दिलेला असतो. एखादा डबा अवेळी प्रकाश सोडू लागला, तर त्याच तारेवरील इतरांचे नेट बंद पडू शकते. शिवाय ‘टीआर-०६९’ या पद्धतीने कंपनी दूरवरूनच बिघाड तपासते आणि सॉफ्टवेअर अद्ययावत करते.

मात्र हा दूरस्थ दरवाजाही निर्धोक नाही. नोव्हेंबर २०१६ मध्ये राउटरच्या याच दूरस्थ व्यवस्थेला लक्ष्य करणाऱ्या हल्ल्यात जर्मनीतील डॉइश टेलिकॉमच्या सुमारे नऊ लाख ग्राहकांची सेवा कोलमडली.

इतर देशांत काय नियम आहेत?

जर्मनीत १ ऑगस्ट २०१६ पासून ग्राहकाला स्वतःच्या पसंतीचा राउटर लावण्याचा हक्क आहे. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून सहज ओळखता येणाऱ्या मूळ पासवर्डसह अशी उपकरणे विकण्यास बंदी आहे.

ग्राहकाने काय करावे?

- ॲडमिन पासवर्ड बदलावा. तो वाय-फायच्या पासवर्डपेक्षा वेगळा असावा आणि डायरीत लिहून ठेवावा.
- सुरक्षेसाठी ‘डब्ल्यूपीए२’ किंवा ‘डब्ल्यूपीए३’ निवडावे, ‘डब्ल्यूपीएस’ बंद करावे.
- बाहेरून लॉग-इन करू देणारा ‘रिमोट मॅनेजमेंट’ हा पर्याय दिसत असल्यास बंद ठेवावा.
- जोडलेल्या उपकरणांची यादी अधूनमधून पाहावी. पाहुण्यांसाठी ‘गेस्ट नेटवर्क’ सुरू करावे.
- भाड्याच्या घरात आधीच्या भाडेकरूच्या वेळचा राउटर असल्यास दोन्ही पासवर्ड लगेच बदलावेत.

काय करू नये?

पासवर्ड विसरला म्हणून टाचणीने ‘रीसेट’ बटण दाबण्याची घाई करू नये. काही राउटरमध्ये त्यामुळे कंपनीने भरलेली जोडणीची माहितीही पुसली जाते आणि तंत्रज्ञ येईपर्यंत नेट बंद राहते. आधी ग्राहक सेवा केंद्राला फोन करावा. इंटरनेटवर फिरणारे ‘सुपर ॲडमिन’ पासवर्ड वापरून पाहणेही टाळावे. स्वतःचा राउटर लावायचा असल्यास कंपनीकडे ‘ब्रिज मोड’ची मागणी करता येते. बनावट पानावरून पैसे गेल्यास विलंब न करता १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी.