गॅलरीची सळई वरच हवी

स्लॅब भरायचा दिवस म्हणजे साइटवर नुसती धांदल. घमेली फिरतात, व्हायब्रेटर घरघरतो आणि बांधलेल्या सळ्यांवरून माणसांची ये-जा सुरू असते. मला खरी धास्ती असते ती गॅलरीची.

खोलीचा स्लॅब दोन्हीकडे टेकलेला. भाराने तो मध्ये वाकतो, ताण तळाला येतो, म्हणून मुख्य सळ्याही तळाला. गॅलरी मात्र एकाच बाजूने धरलेली असते. तिथे ताण वरच्या अंगाला येतो. काँक्रीट दाब उत्तम सोसते, ताण नाही. म्हणून मुख्य सळ्या वरच लागतात. १२५ मिलिमीटर जाडीच्या गॅलरीत वरचे २० मिलिमीटर कव्हर सोडले, तर १० मिलिमीटरची सळई तळापासून १०० मिलिमीटरवर बसते. पायाखाली दबून ती ५० मिलिमीटर खाली गेली, की ताकद जवळपास निम्मी होते. नकाशा अचूक, सिमेंट उत्तम, तरीही! आणि काँक्रीट पडल्यावर हे कुणालाच दिसत नाही.

उपाय स्वस्त आहे. सळईच्याच वाकवलेल्या ‘चेअर’ खाली ठेवायच्या, चालायला फळ्या टाकायच्या. घर बांधत असाल, तर काँक्रीट ओतण्यापूर्वी इंजिनिअरला बोलवा आणि गॅलरीच्या सळ्या स्वतः उभे राहून तपासून घ्या.