टेबलापलीकडचा माणूस

सरकारी कचेरीत काम पडले की आपल्या मध्यमवर्गीय माणसाच्या नशिबी दोन गोष्टी ठरलेल्या: हेलपाटे घालणे, आणि घरी येऊन 'सगळे चोर आहेत' म्हणून मोकळे होणे. पण टेबलापलीकडचा तो कारकूनही आपल्यासारखाच संसारी गृहस्थ. लोकांना छळण्याचा संकल्प सोडून तो काही घरून निघत नाही. मग त्याच्या हातून चांगले काम होते कशाने?

चिंचवडचेच उदाहरण घ्या. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी या गावांची १९७० साली नगरपालिका झाली, १९८२ साली महानगरपालिका. कारखान्यांमागून माणसे लोटली. परगावच्या कामगाराला नळजोड कोणाकडे मागावा, दाखला कोठे मिळतो, हे ठाऊक नसते. त्या अज्ञानावर दलालाचे पोट भरते. २०१२ साली डॉ. श्रीकर परदेशी आयुक्त म्हणून आले. १५ ऑगस्ट २०१३ रोजी त्यांनी 'सारथी' हा उपक्रम सुरू केला. दूरध्वनी करा किंवा पुस्तिका उघडा. कोणत्या कामाला कोणते कागद, याचे उत्तर तयार! नियम दोघांनाही ठाऊक असला, की 'उद्या या' म्हणणे जड जाते.

पण बदल्यांच्या २००५ च्या कायद्यात साधारण तीन वर्षांची मुदत असताना, फेब्रुवारी २०१४ मध्येच परदेशींची बदली झाली. नागरिकांनी निषेध केला. बदली टळली नाही. साहेब जातात, कारकून मात्र तीस वर्षे तेथेच असतो. खरा प्रश्न त्याचा आहे.

दूर ब्राझीलमधील सिआरा या गरीब प्रांताने १९८७ पासून गावोगाव आरोग्यसेविका नेमल्या. पगार किमान वेतनाएवढा, नोकरी कायम नाही. निवड मात्र उघडपणे झाली, आणि ज्यांची निवड झाली नाही त्यांना सांगितले, 'आता यांच्यावर लक्ष ठेवा.' ज्युडिथ टेंडलर या विदुषीने १९९७ साली त्यावर ग्रंथ लिहिला. बालमृत्यूंचे प्रमाण हजारी १०२ वरून ६५ वर आले. सेविकांना गावात मान होता आणि गावाची नजरही होती. त्या दोहोंनी हे घडविले.

नजरेसाठी आपल्याकडे कायदे आहेत. त्याच २००५ च्या कायद्याने फाईल एका टेबलावर कामाच्या सात दिवसांहून अधिक अडू नये, असे सांगितले. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने कारणाविना विलंब करणाऱ्यास दंडही ठेवला. उणीव आहे ती मानाची. काम अडले तर तक्रार जरूर लिहावी. पण ते वेळेवर झाले, तर त्या कारकुनाचे नाव घेऊन त्याच्या साहेबांना एक पत्रही धाडावे. पाच रुपयांच्या तिकिटात एका प्रामाणिक माणसाची उमेद टिकते, हा सौदा काही महाग नाही!