लग्नाच्या आड येणारं पाणी

बाळ अत्यवस्थ आहे, फादर हाताशी नाहीत, अशा वेळी कॅथलिक बाप्तिस्मा कोण देऊ शकतं? कोणीही. रात्रपाळीची नर्ससुद्धा, मग ती हिंदू असो वा मुसलमान. डोक्यावर साधं पाणी, त्यासोबत पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाचे मोजके शब्द आणि चर्चला जे अभिप्रेत आहे तेच करण्याचा हेतू, एवढं पुरतं. तो बाप्तिस्मा पक्का. पुन्हा करता येत नाही.

पाणी ओतणाऱ्याबाबत इतकं सैल असलेलं चर्च धर्मपिता आणि धर्ममाता, म्हणजे धर्मपालक (गॉडपेरेंट्स), निवडायची वेळ आली की भलतंच काटेकोर होतं. रायपूरच्या बैरन बाजारातलं सेंट जोसेफ कॅथेड्रल घ्या किंवा वसईतलं एखादं चर्च, नियम 1983 च्या धर्मसंहितेतलेच. वयाची 16 वर्षं पूर्ण हवीत. स्वतःचा बाप्तिस्मा, कम्युनियन आणि दृढीकरण (कन्फर्मेशन) झालेलं हवं, आणि जगणंही त्याला साजेसं हवं. एकच व्यक्ती चालते. दोन असतील तर एक पुरुष, एक स्त्री. छत्तीसगडात 1868 च्या विश्रामपूर मिशनपासून प्रोटेस्टंट कुटुंबं आहेत, त्यातला जिवलग मित्र हवा असेल तर तो कॅथलिक धर्मपित्याच्या किंवा धर्ममातेच्या जोडीला साक्षीदार म्हणून उभा राहतो. आणि बाळाचे स्वतःचे आईवडील? त्यांना साफ मनाई.

मला यातलं हे शेवटचं कलम सगळ्यात आवडतं. आईबाप तर आधीच आहेत. चर्चला त्यांच्या पलीकडचं एक माणूस बाळाला जोडून द्यायचं आहे. म्हणून तयारीही बाळाची नव्हे, मोठ्यांची होते. आईवडील आणि धर्मपालक दोघांनाही या संस्काराचा अर्थ आणि त्याची जबाबदारी समजावून सांगणं हे फादरांचं कर्तव्य आहे. पुढे विधीच्या सुरुवातीलाच फादर धर्मपालकांना थेट विचारतात, या आईवडिलांना मदत करायला तयार आहात ना? उत्तर सर्वांसमोर द्यायचं असतं.

हे नातं नुसतं मानपानाचं नव्हतं. सम्राट जस्टिनियनने 530 साली कायदाच केला, की धर्मपित्याला आपल्या धर्मकन्येशी लग्न करता येणार नाही. पुढच्या शतकांत ही बंदी फोफावली. धर्मपालक आणि बाळाचे आईवडील यांच्यातही लग्न निषिद्ध ठरलं. आपल्याकडे सगोत्र आडवं येतं, तसं तिकडे पाणी आडवं येऊ लागलं. लोक हौसेने पाच-सहा धर्मपालक करत, आणि मग कोणाचं कोणाशी जमतं हे पाहताना सगळ्यांची दमछाक व्हायची. शेवटी 1563 मध्ये ट्रेंटच्या धर्मसभेने संख्या एक किंवा दोनवर आणली. 1983 मध्ये लॅटिन, म्हणजे रायपूरसारख्या पाश्चात्त्य परंपरेच्या, चर्चने हा अडसरच काढून टाकला.

पण छत्तीसगडात गंमत अशी, की रायपूरहून दक्षिणेला बस्तरात गेलात तर तो अडसर अजून उभा आहे! जगदलपूरचा धर्मप्रांत 1977 पासून सिरो-मलबार, म्हणजे पूर्वेकडच्या परंपरेचा. त्या चर्चना लागू असलेली 1990 ची संहिता सांगते, की धर्मपालकाचं ना त्या बाळाशी लग्न होऊ शकतं, ना बाळाच्या आईशी किंवा वडिलांशी. दोन्ही पोपच्याच छत्राखालची चर्चं, राज्य एकच, आणि त्याच पाण्याने जुळणारं नातं एका ठिकाणी लग्न रोखतं, दुसऱ्या ठिकाणी नाही.

विधीने असं नातं जुळावं, यात छत्तीसगडी माणसाला फारसं नवल वाटू नये. ‘मितान’ बदणं ही इथली जुनी रीत. विधिपूर्वक मैत्री बांधली की मितानची आई आपली ‘फूल-दाई’ होते, आणि जातीच्या भिंती ओलांडून दोन घरं एकमेकांची होतात.

प्रौढांचा बाप्तिस्मा मात्र वेगळा. तयारी महिनोन्‌महिने चालते आणि शेवट शक्यतो ईस्टरच्या रात्री होतो. इथे कायदाही दारात उभा असतो. मध्य प्रदेशाचा 1968 चा धर्मस्वातंत्र्य कायदा 2000 साली छत्तीसगडकडे वारशाने आला. त्यात धर्मांतराच्या विधीत ‘प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष’ भाग घेणाऱ्याने जिल्हा दंडाधिकाऱ्याला कळवावं असं कलम होतं. त्या शब्दांच्या जाळ्यात धर्मपिताही सापडू शकत होता. रायपूर भागातल्या रेव्हरंड स्टॅनिस्लॉस यांच्यावर याच कायद्याखाली खटला भरण्याची मंजुरी बलौदाबाजारच्या उपविभागीय दंडाधिकाऱ्याने दिली. तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 1977 मध्ये कायदा वैध ठरला. ख्रिस्ती घरातल्या बाळाच्या बाप्तिस्म्यात मात्र धर्म बदलण्याचा प्रश्नच येत नाही.

विधी आटोपला की चर्चच्या नोंदवहीत बाळाचं, आईवडिलांचं, धर्मपालकांचं नाव चढतं. पण ते पान तिथे बंद होत नाही. रायपुरात बाप्तिस्मा झालेल्या मुलीने पुण्याच्या चर्चमध्ये लग्न केलं, तर तिथले फादर रायपूरला कळवतात आणि जुन्या नोंदीशेजारी लग्नाची नोंद पडते. दृढीकरण झालं तर तेही तिथेच. लग्न असं कळवण्याची पद्धत 1908 पासून सक्तीची आहे, आणि तिच्यामागचं एक कारण अगदी व्यवहारी होतं: एका गावचं लग्न लपवून दुसऱ्या गावात बोहल्यावर चढणाऱ्यांना पकडणं.